कानस, ऐरण आणि चुकण्याची मोकळीक

मुलाच्या घरीं पुस्तकांसाठीं एक फळी असावी असें म्हणणारे पालक पुष्कळ भेटतात. त्या फळीशेजारीं एक कानस, एक हातोडी व एक लहानसा व्हाइस असावा असें म्हणणारे फारच थोडे. लोखंड घासणें हें आपल्या मुलाचें काम नव्हे, ज्याचें आहे तो करील, ही समजूत सुशिक्षित घरांतून अजून पुरती गेलेली नाहीं. आमचें मत याच्या उलट आहे. घरच्या घरीं थोडें धातुकाम शिकणें हें मुलामुलींच्या शिक्षणाचें मोलाचें अंग होय, आणि त्यांत हाताइतकाच मनाचाही अभ्यास होतो, असें आम्हांस वाटतें.

कागदावरील चूक खोडतां येते. फाजील घासलेलें लोखंड परत येत नाहीं. कानशीचे दांते पुढें जातांना कापतात. मागें ओढतांना दाब दिला तर धातु कापला जात नाहीं, दांते मात्र बोथट होतात. हें वाक्य वाचण्यास एक क्षण पुरतो. हाताला तें पटण्यास कित्येक दिवस लागतात. नवशिक्याचा सपाट करावयाचा तुकडा बहुधा मध्यें फुगीर व कडांशीं उतरता होतो, कारण कानस त्याच्या हातांत झोके घेत असते. त्यास कोणी रागें भरण्याची गरज नसते. गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरला कीं फटींतून येणारा प्रकाशच त्याचा दोष दाखवितो. येथें सबब चालत नाहीं व वशिलाही चालत नाहीं.

हत्याराला पाणी देण्याची कृति पाहा. छिन्नीचें पोलाद लालबुंद तापवून पाण्यांत बुडविलें कीं तें कांचेसारखें कठीण होतें, पण कांचेसारखेंच फुटतेंही. म्हणून तें घासून उजळ करितात व पुन्हां हळूहळू तापवितात. तेव्हां त्यावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटीं निळा रंग चढत जातो. सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला पिवळा दिसतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. धातु कापणाऱ्या धारेला पिवळ्यावर थांबावें, घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळ्यावर, स्प्रिंगेला निळ्यावर. थोडा उशीर झाला कीं हत्यार मऊ पडलें. घाई झाली कीं धार तुटली. तो नेमका क्षण ओळखण्यास दोनच मार्ग आहेत : दोनचार छिन्न्या बिघडविणें, किंवा जाणत्याच्या शेजारीं उभें राहून पाहणें. खरा विद्यार्थी हे दोन्ही मार्ग चोखाळतो.

जाणता माणूस शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. कल्हई करणारा कारागीर भांडें तापवून त्यावर नवसागर टाकतो व मगच कथील फिरवितो. “काका, आधीं नवसागर कां टाकतां?” असें मुलानें आदरानें विचारावें. मळलेल्या धातूवर कथील धरत नाहीं, व नवसागर तो मळ काढून टाकतो, एवढें कळलें कीं पितळेच्या झाळकामांत टांकणखार कशाला लागतो हें निराळें सांगावें लागत नाहीं. लोहाराच्या व तांबटाच्या हातांत असें ज्ञान पुष्कळ आहे. पण तें पुस्तकांत क्वचितच उतरलें आहे. आपण विचारलें नाहीं तर त्या हातांबरोबरच तें नाहींसें होईल, हें आम्हांस मुलांच्या अज्ञानाहून अधिक दुःखाचें वाटतें.

विद्या झांकून ठेविल्यानें खुंटते व वांटल्यानें वाढते, याची साक्ष इंग्लंडच्या इतिहासांतही मिळते. लंडनमध्यें हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४० सालीं खरें सपाट पृष्ठ करण्याची रीति विद्वानांपुढें मांडली. दोनच प्लेटी एकमेकींशीं जुळविल्या तर एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या तंतोतंत बसतात. तिसरी प्लेट घेऊन प्रत्येक जोडी आलटून पालटून ताडून पाहिली व उंच ठिकाणें खरवडलीं, तरच तिन्ही सपाट होतात. पुढें १८४१ सालीं त्यानेंच अनेक कारखान्यांतील स्क्रू जमवून त्यांच्या सरासरीवरून आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं घरगुती कारागिरांसाठीं ‘मॉडेल एंजिनियर’ हें नियतकालिक काढलें. त्यांत एकाची अडचण छापली जाई व तिचें उत्तर सर्वांच्या उपयोगीं पडे.

त्या तीन प्लेटींचा धडा सल्ल्यालाही लागू आहे. दोघांचें एकमत झालें म्हणजे तें खरेंच असतें असें नाहीं. तें तिसऱ्याशीं ताडावें आणि शेवटीं आपल्या हातानें करून पाहावें.

आपल्याकडील उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. त्यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, व पुढें ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीमुळें त्या नांगरांस प्रथम गिऱ्हाईक मिळेना. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९१० सालीं वसलेली किर्लोस्करवाडी हें त्या चिकाटीचें फळ होय.

पालक म्हणतील, यांत धोका आहे, खर्च आहे व परीक्षेचा वेळ जातो. धोका आहे हें खरें, म्हणूनच नियम पाळावे. डोळ्यांवर चष्मा असावा. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही किंवा हातमोजे नसावे. जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड तापवूं नये, कारण त्याच्या धुरानें थंडी वाजून ताप येतो. विस्तवाजवळ वडील माणूस असावें. खर्चाचें म्हणाल तर आरंभास भंगारांतील पट्टीचा तुकडा पुरतो. राहिला वेळ. आठवड्यांतून दोन तासांनीं कोणाची परीक्षा बुडत नाहीं. उलट चुकल्यावर कारण शोधून पुन्हां करण्याची जी संवय लागते, ती गणितासही उपयोगीं पडते.

चुकलें कीं मार्क कापले जातात, म्हणून मुलें चूक झांकावयास शिकतात. हें पाहून आम्हां शिक्षकांस खेद होतो. ज्यास चूक लपवितां येत नाहीं असें एक तरी काम प्रत्येक घरीं मुलांस असावें. पालकहो, एक तुकडा वांकडा झाला तर तो फेंकूं नका. तो कां वांकडा झाला हें मुलास विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस जें साधलें तें शेजारच्या मुलास सांगा, व जें साधलें नाहीं तेंही न लाजतां सांगा. त्यामुळें त्याचा एक तुकडा तरी वांचेल.