उजवा डोळा, डावा डोळा

ज्या कामांत धातूचे कण वा ठिणग्या उडून डोळ्यांस इजा होण्याचे भय असते, अशा विहित कामांसाठी कामगारास संरक्षक चष्मा किंवा आडपडदा पुरवण्याची तजवीज १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमाने केली, आणि अंबरनाथमधील मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीलाही ते कलम लागू झाले. पण त्याच कामगाराचे चार वर्षांचे मूल बालवाडीत दाखल होताना जन्माचा दाखला मागितला जातो, लसींचे कार्ड पाहिले जाते, आणि त्याला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते काय, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

बालकाच्या दृष्टीचा विषय प्रौढाच्या दृष्टीहून मूलतः भिन्न आहे. जन्मतः डोळा तयार असला तरी पाहण्याची कला मेंदू पहिल्या काही वर्षांत शिकत असतो. त्या काळात एका डोळ्याचा नंबर फार अधिक असला, किंवा तो तिरळा असला, तर मेंदू त्याच्याकडून येणारी अस्पष्ट प्रतिमा हळूहळू अव्हेरतो, आणि ज्याला डॉक्टर आळशी डोळा म्हणतात तो विकार मूळ धरतो. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावरची पट्टी यांनी त्यावर उत्तम उपाय होतो. पुढे यशाची शक्यता उतरत जाते. मूल तक्रार करीत नाही, कारण स्वच्छ दिसणे कसे असते हे त्या डोळ्याने कधी अनुभवलेलेच नसते, आणि दुसरा डोळा त्याचे सारे व्यवहार निभावून नेतो. ‘मोठा झाला की तिरळेपणा आपोआप जाईल’ हे घरोघरी ऐकू येणारे आश्वासन म्हणूनच मला घातक वाटते.

सरकार याविषयी उदासीन आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला तो पालघरला, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. मुलांची आरोग्यतपासणी करणारी त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जावीत, असा दंडक आहे. पण अंबरनाथ-बदलापुरात गल्लोगल्ली चालणाऱ्या खासगी बालवाड्या या योजनेच्या कक्षेबाहेर राहतात, आणि पोटाला चिमटा घेऊन तेथे फी भरणारा बाप आपल्या मुलाला एका मोफत हक्कास मुकवतो, हे त्याच्या गावीही नसते.

म्हणून या दोन्ही शहरांच्या नगरपरिषदांनी प्रत्येक बालवाडीच्या प्रवेशपत्रावर उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन रकाने सक्तीचे करावेत. दोन्ही डोळे एकत्र तपासण्यात अर्थ नाही. एक झाकूनच दुसरा पाहावा लागतो. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ चिन्हाचा तक्ता असतो. चिन्हाची बोटे जिकडे, तिकडे आपली बोटे दाखवायची, एवढेच मुलाचे काम. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मात्र तक्त्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

दोष सापडल्यावरचे काम अधिक चिकाटीचे. पट्टी रोज काही तास, महिनोन्‌महिने लावावी लागते, आणि मूल ती ओढून काढते. आई-वडील दोघेही पाळीवर जात असतील तर हे तास घरी कोठून आणावेत? ते बालवाडीतच, बाईंच्या देखरेखीखाली, चित्रे रंगवताना भरून निघावेत, अशी व्यवस्था प्रवेशाच्या वेळीच ठरली पाहिजे.