दोघांपुरता रस्सा

तांबडा-पांढरा रस्सा हे एकत्र कुटुंबाचेच काम असून दोन-तीन माणसांच्या बिऱ्हाडाने खानावळीतून पार्सल मागवावे, हा कोल्हापूरच्या राजारामपुरीत रूढ होऊ पाहणारा समज मला सर्वथैव अमान्य आहे. कारण अर्धा किलो हाडासकट मटण हळद, मीठ व आले-लसूण लावून, पातेल्यावर पाण्याचे झाकण ठेवून मंदाग्नीवर शिजविले म्हणजे जे अळणी पाणी हाती येते, त्याच्याच एका हिश्श्यात नारळाचे दूध व खसखशीचे वाटण घालून पांढरा आणि दुसऱ्यात सुक्या खोबऱ्याचे वाटण व कांदा-लसूण चटणी परतून तांबडा, असे दोन्ही रस्से अनायासे सिद्ध होतात. पातेल्याऐवजी कुकर वापरण्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र अळणी पाण्यासाठी खाटकाकडे नुसत्या मऊ मांसाची मागणी न करता नळीची फर्माईश बिनदिक्कत करावी.