गात्या गिटारीचा धनी

आमच्या चिरंजीवांच्या खोलीतून जे काही ऐकू येते त्याला मी आजवर 'आवाज' म्हणत आलो, 'गाणे' नव्हे. परवा मात्र लाडू वळता वळता सौभाग्यवतींचा हात थांबला. म्हणाल्या, "अहो, कोण गातंय हो हे? शब्द कळत नाहीत, पण गळा गोड आहे." चौकशी केली तो काय, गळा नव्हताच! गिटार होती. वाजवणारा अर्ल हूकर.

हे नाव वाचकांनी ऐकले नसेल तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. खुद्द त्याच्या देशातही ते फारसे कोणी घेत नाही.

गिटारीच्या दांडीवर पडदे असतात. बोट दाबले की स्वर ठरल्या जागी उमटतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी बाटलीच्या मानेचा तुकडा किंवा चाकू तारांवरून सरकवून हा पहारा चुकवला. आपल्या विचित्र वीणेवर काचेचा गोटा फिरतो ना, तीच युक्ती. मींड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे संगीत परके वाटू नये. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि असेच सरकते गिटार वाजवणारा आंधळा विली जॉन्सनही आहे. विलीला निदान आकाश तरी मिळाले!

हूकर मिसिसिपीत जन्मला, शिकागोत वाढला. रॉबर्ट नाइटहॉक या (तितक्याच दुर्लक्षित) वादकाकडून त्याने ही विद्या घेतली. इतर वादक सरकत्या वादनासाठी बहुधा तारा वेगळ्या जुळवून घेत. हा नेहमीच्याच जुळणीवर वाजवी आणि करंगळीत लहानशी नळी घालून बाकीची बोटे मोकळी ठेवी. बोलताना तो अडखळे, म्हणून गाण्याच्या वाटेला फारसा जात नसे. जे सांगायचे ते तारांतून.

१९६१ साली त्याने 'ब्लू गिटार' नावाची एक धून ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी चेस कंपनीने त्याच मुद्रणावर मडी वॉटर्सचा आवाज चढवला. विली डिक्सनचे शब्द, चाल हूकरच्या गिटारीच्या पावलावर पाऊल टाकणारी. तबकडी निघाली मडी वॉटर्सच्या नावाने: 'यू शुक मी'. मडी थोर गवई, स्वतः उत्तम सरकते गिटार वाजवणारा, त्याला दोष कशाला द्या? १९६९ साली लेड झेपेलिनने ते गाणे आपल्या पहिल्या तबकडीत घेतले आणि ते जगभर गेले. गीतकार-संगीतकारांच्या नावांत हूकर कुठेच नाही.

त्याच वर्षी त्याचेही दैव उघडू लागले होते. तबकड्या निघाल्या, युरोपचा दौरा झाला. पण जुना क्षय छातीत बसलेला होता. एप्रिल १९७० मध्ये शिकागोत तो गेला. वय अवघे चाळिशीचे.

मी हे सारे स्वयंपाकघरात येऊन सांगितले. सौभाग्यवतींनी हातातला लाडू ताटात ठेवला आणि चिरंजीवांना हाक मारली, "अरे, ते मघाचं पुन्हा लाव. बिनशब्दांचं."