चार हंगामांचा संघ

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळ नव्याने घ्यावयाचे असे त्यात ठरले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत अर्थातच क्रिकेट झळकले. उरलेल्या चार खेळांत लॅक्रॉस नावाचा एक खेळ होता, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. मात्र मुलांचे गेले. "सर, हा काय खेळ असतो? आपल्या शाळेत सुरू करता येईल का?" असे आम्हांला वर्गावर्गांतून विचारण्यात आले. एका पालकांनी तर सरळ हिशेबच मांडला: आपल्याकडे हा खेळ खेळणारे कमी, म्हणजे स्पर्धा कमी, म्हणजे आपल्या मुलांचे नाव लवकर होईल!

हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण याच खेळाच्या एका संघाची हकिकत विद्यार्थी, पालक आणि विशेषतः विश्वस्त मंडळींनी वाचावी असे आम्हांला वाटते. तो संघ अमेरिकेतला, पोर्टलंड शहराचा. नाव लंबरजॅक्स, म्हणजे लाकूडतोडे. ओरेगन राज्यात लाकडाचा धंदा जुना, त्यावरून हे नाव. संघ चार हंगाम खेळला आणि बंद झाला.

आधी खेळाविषयी थोडे. लांब काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, तो घेऊन धावायचे, गड्याकडे फेकायचा आणि शेवटी गोलात मारायचा. उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा हा खेळ कित्येक शतकांचा. हौडेनोसोनी लोक तो देवाने दिलेला खेळ मानतात. १९०४ आणि १९०८ या दोन ऑलिंपिकमध्ये तो पदकांसाठी खेळला गेला होता. १९०४ साली तिसरा आलेला संघ मोहॉक जमातीच्या खेळाडूंचा होता. पुढे १९३० च्या सुमारास कॅनडात आइस हॉकीच्या रिंगण-मालकांना प्रश्न पडला, की उन्हाळ्यात बर्फ नसताना या रिंगणांचे करायचे काय? त्यातून बंदिस्त रिंगणातला लॅक्रॉस निघाला. खेळाडू कमी, जागा लहान, चारही बाजूंना फळ्या आणि धक्काबुक्की भरपूर. म्हणजे मैदानी लॅक्रॉस आणि बंदिस्त लॅक्रॉस हे दोन वेगळेच खेळ झाले म्हणा ना. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

बंदिस्त लॅक्रॉसची व्यावसायिक लीग अमेरिकेत १९८७ पासून चार संघांनिशी सुरू झाली. पोर्टलंडचा संघ तिच्यात २००६ साली उतरला. मालकीण होती अँजेला बॅटिनोविच, पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी. एवढ्या लहान वयात व्यावसायिक संघाची मालकी घेणे ही तेव्हा मोठी बातमी होती. तिने प्रशिक्षक म्हणून डेरेक कीनन यांना आणले. त्या वर्षीच्या निवडीत सर्वांत पहिला क्रमांक पोर्टलंडकडे होता, त्यात त्यांनी ब्रोडी मेरिल हा तरुण घेतला. गोलात उभा राहिला डॅलस एल्यूक, चाळिशी ओलांडलेला आणि फिलाडेल्फियाच्या संघातून कित्येक वर्षे खेळलेला. एक अगदी नवा, एक अगदी जुना, आणि दोघांना हाताळू शकेल असा प्रशिक्षक. संघ कसा बांधावा याचा हा चांगला नमुना आहे.

पहिल्याच वर्षी संघाने सोळापैकी अकरा सामने जिंकले आणि पश्चिम गटात पहिला क्रमांक पटकावला. कीनन वर्षातले उत्तम प्रशिक्षक ठरले, मेरिल उत्तम नवोदित. दुसऱ्या वर्षी घसरण झाली. तिसरे वर्ष, २००८, मात्र विलक्षण. तो हंगाम खेळाडू आणि लीग यांच्यातील वेतनाच्या वादामुळे आधी रद्दच झाला होता. काही दिवसांत करार झाला आणि हंगाम पुन्हा जाहीर करावा लागला. पोर्टलंडने सहा सामने जिंकले, दहा हरले. कसाबसा बाद फेरीत शिरकाव झाला. तिथे मात्र आपल्याहून वरच्या संघांना हरवत हे लाकूडतोडे थेट अंतिम सामन्यात पोहोचले आणि बफेलोच्या संघाकडून १४ विरुद्ध १३ असे हरले. एका गोलाने!

पुढच्या वर्षी, २००९ चा हंगाम संपताच, संघ बंद झाल्याचे जाहीर झाले. कारण पैशाचे. ते मंदीचे वर्ष होते.

एका गोलाने विजेतेपद हुकलेला संघ एका वर्षात नाहीसा होतो, याचा अर्थ काय लावायचा? सर्वसाधारण उत्तर असे, की संघ अपयशी ठरला. चार वर्षांत मिटला, त्याचे काय कौतुक? आमचे मत तसे नाही.

संघ मोडला तेव्हा त्याचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले. मेरिल कॅनडातल्या एडमंटन शहराच्या संघाकडे गेला आणि पुढे अनेक वर्षे या लीगमधील नामवंत बचावपटू म्हणून खेळला. त्याच्या कुटुंबाने २००६ सालीच कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात खेळाडू मुलांसाठी एक शाळा काढली होती. म्हणजे हा गडी शनिवार-रविवारी पोर्टलंडसाठी खेळत होता त्याच काळात घरच्यांनी शाळा उघडली. आम्ही शाळेची माणसे, आम्हांला ही गोष्ट अंतिम सामन्यापेक्षा मोठी वाटते हे कबूल करतो. कीननही एडमंटनलाच गेले. तो संघ तोवर धडपडतच होता. २०१५ साली कीनन यांनी त्याला विजेतेपद मिळवून दिले. पोर्टलंडमध्ये जे शिकले ते दुसऱ्या गावात उपयोगी पडले. याला अपयश म्हणायचे असेल तर शिक्षकाची बदली झाली की त्याने जुन्या शाळेत शिकवलेले सारे वाया गेले असे म्हणावे लागेल.

पण म्हणून पोर्टलंडमध्ये सगळे ठीक होते असेही नाही. कुठे चुकले ते पाहू.

पहिली गोष्ट, संघ प्रामुख्याने एका थैलीवर उभा होता. मालकीण उत्साही होती, पण उत्साह हा काही ठेवीवरचा व्याजदर नव्हे. थैलीचे तोंड आवळले गेले की खाली धरायला कोणी नाही. दुसरी गोष्ट जागेची. सामने रोझ गार्डन नावाच्या स्टेडियममध्ये होत. बास्केटबॉलच्या सामन्याला तिथे सुमारे वीस हजार माणसे बसतात. एवढ्या जागेत काही हजार प्रेक्षक आले तरी ते ओकेओकेच दिसणार. आपल्याकडे मोठे नाट्यगृह घेऊन तीनशे माणसांपुढे संगीत नाटक करणाऱ्या मंडळींना हे दुःख समजेल.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. या लीगमधील खेळाडूंना मिळणाऱ्या पैशात घर चालत नसे. कोणी शिक्षक, कोणी अग्निशामक दलात, कोणी विक्रेता. आठवडाभर नोकरी करायची, सुट्टीला विमानाने सामन्याच्या गावी जायचे, खेळून परतायचे. त्यांतले बरेचसे कॅनडातले. म्हणजे पोर्टलंडच्या नावाने खेळणारे बहुतेक गडी पोर्टलंडमध्ये राहत नव्हते. मुलाने शनिवारी ज्याला टाळ्या वाजवल्या तो त्याला मंगळवारी बाजारात भेटत नव्हता. शिवाय ओरेगनच्या शाळांतून जी मुले हातात जाळीची काठी धरत होती ती मैदानी लॅक्रॉस खेळत होती. स्टेडियममध्ये चालणारा खेळ बंदिस्त. खाली एक झाड, वर दुसऱ्याच झाडाची फांदी.

हे लिहून झाल्यावर आमच्यातल्याच एकाने शंका काढली, आणि ती आम्ही लपवत नाही. एडमंटनचा तो संघ २०१५ चे विजेतेपद मिळवूनही त्या शहरात टिकला नाही. पुढच्या हंगामात तो सस्काटून या अडीच लाखांच्या आतल्या गावी हलवला गेला. तिथेही खेळाडू बाहेरचेच होते, तिथेही या खेळाची फार मोठी परंपरा नव्हती. तरी सुमारे पंधरा हजारांचे स्टेडियम वारंवार भरले आणि कीनन यांच्याच हाताखाली संघाने २०१६ आणि २०१८ ची विजेतेपदे मिळवली. पोर्टलंडची वस्ती त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तिथे हे जमले नाही. मग आमचा मुळे नसण्याचा युक्तिवाद लंगडा पडतो की काय? थोडा पडतो. सस्काटूनच्या लोकांना हॉकीमुळे रिंगणातल्या खेळाची सवय होती, थंडीच्या संध्याकाळी जाण्यासारखी ठिकाणे थोडी, आणि चालून आलेला संघ जिंकणारा. एवढे उत्तर आम्ही देऊ शकतो.

पोर्टलंडचे लोक बेइमान होते असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच शहराचा टिंबर्स नावाचा फुटबॉल संघ १९७५ साली निघाला आणि १९८२ साली बंद पडला. लोकांनी नाव विसरू दिले नाही. २००१ साली ते नाव खालच्या दर्जाच्या लीगमध्ये पुन्हा उभे राहिले, २०११ साली वरच्या लीगमध्ये गेले आणि २०१५ साली विजेते ठरले. लाकडाच्याच धंद्यावरून ठेवलेली दोन नावे, एक परतले, एक नाही. मधल्या एकोणीस वर्षांत पोरे रस्त्यावर आणि मैदानावर फुटबॉल खेळत राहिली होती, हा फरक आम्हांला दिसतो.

शिवाय हा प्रकार एकट्या पोर्टलंडचा नव्हता. त्याच लीगमध्ये शिकागोचा संघ दोन हंगाम चालला, बॉस्टनचा २००९ ते २०११. ॲरिझोनाचा संघ २००७ नंतर मैदानात आलाच नाही. आणि दूर कशाला जायचे? आयपीएलमधला पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आला, २०१३ मध्ये गेला. कोचीचा तर एकाच हंगामात आटोपला. पण पुण्यातले क्रिकेट त्यामुळे एक दिवसही थांबले नाही, कारण ते वॉरियर्सवर अवलंबून नव्हतेच. आपल्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर शंभराहून अधिक वर्षे उभे आहे. तिथे तिकीट लागत नाही, लागते ती रोजची हजेरी.

आता विश्वस्तांस. नव्या खेळाचा प्रस्ताव बैठकीत आला की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. हा किती वर्षे चालेल? आणि बक्षिसे मिळतील का? आमचे म्हणणे असे, की हे दोन्ही प्रश्न मागे ठेवावेत. आधी विचारावे, की शिकवणारे गेले तर पुढे कोण शिकवील, आणि पाचवी-सहावीतली किती मुले रोज खेळतील. एखाद्या दात्याने गणवेश, बूट, बॅनर सगळे एकदम दिले तर आनंदच आहे. पण त्याच्या देणगीतला निम्मा भाग पुढच्या चार वर्षांसाठी बाजूला ठेवावा आणि हे देणगीदारांस आधीच सांगावे. त्यांना ते आवडणार नाही. बॅनर लहान होईल. तरी सांगावे. लाकूडतोड्यांचे जर्सी घालून टाळ्या वाजवणारी दहा-बारा वर्षांची मुले २००९ च्या उन्हाळ्यात कोणाला विचारायला गेली असतील, असे आमच्या मनात येते. हिशेबाच्या वहीत त्या मुलांचा रकाना नसतो.

आणि संघ चार वर्षांत बंद पडलाच, तर तो बंद झाल्याचे मुलांना नीट सांगावे. हे आम्ही अनुभवाने लिहितो. आमच्याच शाळेत काही वर्षांपूर्वी मुलींचा हॉकी संघ होता. तीन वर्षे चालला. शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावी गेल्या, आणि संघ बंद झाला असे कोणीही कधी जाहीर केले नाही. मुली जूनमध्ये दोन शनिवार मैदानावर येऊन उभ्या राहिल्या, तिसऱ्या शनिवारी आल्या नाहीत. चूक आमची, शिक्षकांची. त्या मुलींपैकी दोघी आज या शाळेच्या पालक आहेत, आणि त्यांतल्या एकीने मागच्या महिन्यात विचारले, की त्या काठ्या अजून आहेत का.

आहेत. खेळाच्या साहित्याच्या खोलीत, मागच्या कपाटात अकरा काठ्या आहेत, दोन तडकलेल्या. शनिवारी सकाळी साडेसातला त्या बाहेर काढून ठेवू. पाचवी ते सातवीच्या ज्या मुलामुलींना यावयाचे असेल त्यांनी यावे. त्या पालक बाई शिकवायला येणार आहेत. लॅक्रॉसचे नंतर पाहू.