फुटबॉलचा संघ कोणाचा?

आमच्या विद्यार्थ्यांस परदेशांतील मोठमोठ्या फुटबॉल संघांचीं नांवें, त्यांचे खेळाडू व त्यांनीं जिंकलेले चषक हें सर्व मुखोद्गत असतें. परंतु रहाटणीहून थोड्याच अंतरावर, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत पुण्याचे म्हणविणारे तीन संघ खेळले व तिन्ही नाहींसे झाले, ही हकीकत त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. विद्यार्थी व पालक या उभयतांनीं तिचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

यांपैकीं पहिला पुणें फुटबॉल क्लब. अशोक पिरामल उद्योगसमूहानें तो २००७ सालीं स्थापिला. दुसऱ्या श्रेणींतून वर चढून २००९-१० मध्यें तो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रथमच उतरला आणि त्याच वर्षीं त्यानें तिसरा क्रमांक पटकाविला. २०१२-१३ मध्यें गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल तो उपविजेता ठरला. जपानांत जन्मलेला आराता इझुमी या संघांत खेळतां खेळतां भारताचा नागरिक झाला व २०१३ सालीं भारताच्या संघांतून खेळला. २०१४ च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यांत साळगावकर संघानें पुण्यास एका गोलानें हरविलें. पुढें २०१५ मध्यें चालकांनीं हात आखडता घेतला आणि संघ बंद पडला.

कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. आय-लीगमध्यें २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला व तळाशीं राहून मिटला. तिसरा एफ.सी. पुणें सिटी. हा २०१४ सालीं इंडियन सुपर लीगमध्यें उतरला व २०१७-१८ मध्यें उपांत्य फेरीपर्यंत गेला. परंतु २०१९ सालीं तोहि संपला व त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. बारा वर्षांत तीन संघ उभे राहिले आणि तिन्ही निजधामास गेले!

याचा सर्व दोष धनिकांच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. त्यांनीं चांगले शिक्षक आणले, खेळाडूंस वेतन दिलें, पुण्याचें नांव देशभर नेलें. ही कामगिरी गल्लींतील मंडळाकडून झाली नसती. परंतु जो संघ एकाच थैलीवर जगतो, तो त्या थैलीबरोबरच मरतो. प्रेक्षकानें तिकीट घेतलें, घसा फोडून ओरडला. पण संघ राहावा कीं जावा याविषयीं त्यास कोणीं विचारलें नाहीं. तो पाहुणा होता, घरचा नव्हता.

आतां कोल्हापुराकडे पहा. तेथें पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हीं फुटबॉल संघांचींहि नांवें आहेत. ज्या तालमींत पेठेंतील मुलें कुस्ती खेळलीं, त्यांनींच पुढें चेंडूहि हातीं घेतला. तालीम पेठेची, म्हणून संघहि पेठेचा. यामुळें राजर्षी शाहू स्टेडियम माणसांनीं फुलून जातें. ही ईर्ष्या कधीं कधीं हाणामारीवर येते, ती निंद्यच होय. तथापि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळला, हेंहि विसरतां कामा नये.

फुटबॉलच्या जन्मभूमींतहि हाच धडा मिळतो. इंग्लंडांतील शेफील्ड क्लब १८५७ सालचा असून जगांतील सर्वांत जुना गणला जातो. तेथील मोठ्या लीगमध्यें तो कधींच खेळला नाहीं. २०११ सालीं त्यानें आपले जुने हस्तलिखित नियम व दप्तर लिलावांत काढलें व त्यास पावणेनऊ लक्ष पौंडांहून अधिक रक्कम आली. वडिलार्जित ठेवा विकला, पण क्लब मोडला नाहीं.

कोणी म्हणेल कीं, कोल्हापुरास जुन्या पेठा आहेत. आमच्या रहाटणीस काय आहे? येथील शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. कारखान्यांच्या आधारानें निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेलीं कुटुंबें शेजारीं राहूं लागलीं. एकमेकांची ओळखहि पुष्कळदां जिन्यापुरतीच. आक्षेप खरा आहे. परंतु आमच्या मतें संघाची गरज येथेंच अधिक आहे. कोल्हापुरांत पेठेनें संघ घडविला. येथें संघानें पेठ घडवावी.

यास मोठें भांडवल नको. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांनीं पुढाकार घ्यावा. प्रत्येक सभासदानें झेपेल तेवढी वर्गणी द्यावी. वर्षांतून एकदां सर्वांसमोर जमाखर्च वाचावा. मैदानाच्या वेळा ठरवून घ्याव्या. पालकांनीं, "खेळानें परीक्षा बुडेल," एवढेंच म्हणून स्वस्थ न बसतां जमाखर्च तपासण्यास तरी यावें. असा संघ आय-लीगमध्यें कदाचित् कधींच पोहोंचणार नाहीं. परंतु तो बंद करावयाचा झाल्यास सभासदांना विचारावें लागेल, आणि "नको" म्हणणारे पुष्कळ निघतील. ज्या संघास असे सभासद लाभतात, तो लहान असला तरी दीर्घायुषी होतो.