डोहाळ्यांच्या आधीं

सुनेस दिवस गेल्याचें कळलें कीं घरांत तिचें कोडकौतुक सुरू होतें. परंतु मेंदू व मज्जारज्जु जिच्यापासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारें २८ दिवसांत मिटते. तोंवर पुष्कळ स्त्रियांस आपण गर्भवती आहों याची वार्ताही नसते. ती नळी उघडी राहिल्यास तें व्यंग जन्मभर पुरतें. सुश्रुताचार्यांनीं गर्भसंभवाचीं जीं चार कारणें सांगितलीं त्यांत क्षेत्र हें एक आहे. बी पेरल्यावर नांगर हातीं घेणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

या विषयाचा मुंबईशीं निकट संबंध आहे. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं तेथें आल्या. गरीब गर्भवतींचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्याच्या वर्गांतील फॉलिक ॲसिड १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें. लॅटिन भाषेंत पानास ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरूनच हें नांव पडलें. पूर्वीं असें व्यंग असलेलें अपत्य झालेल्या स्त्रियांस तें गर्भधारणेपूर्वींपासून दिल्यास पुनरावृत्ति ७२ टक्क्यांनीं घटते, असें १९९१ सालच्या ब्रिटिश प्रयोगांत दिसून आलें.

म्हणून अपत्येच्छु स्त्रीनें निदान एक महिना आधींपासून पहिले बारा आठवडे सरेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावें. मधुमेह वा अपस्मार असल्यास, अथवा पूर्वीं असें अपत्य झालें असल्यास, मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी. रक्त, साखर व थायरॉईड तपासून घ्यावें. रुबेलाची लस राहिली असल्यास ती टोंचून घ्यावी व त्यानंतर एक महिना थांबावें. पतिराजांनींही तंबाखू सोडावी. क्षेत्राइतकेंच बीजही शुद्ध हवें.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या सुमारें ५४ टक्के स्त्रियांस रक्तक्षय आढळला. हा केवळ दारिद्र्याचा दोष नव्हे. भरल्या घरांतही सर्वांस वाढून झाल्यावर जी शेवटीं बसते, तिच्या पानांत उसळ व पालेभाजी कितीशी उरते? जेवणावर लागलीच घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. लिंबाची फोड मात्र त्यास साहाय्य करते.

सुनेस ‘गोड बातमी कधीं?’ असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस एवढीच विनंति कीं, आधीं ‘तूं पोटभर जेवलीस ना?’ असें विचारावें, आणि तिचें पान आपल्या पंक्तीस मांडावें.