चित्र दिसतं, नोंद होत नाही

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांच्या गावांत एक चक्कर मारा. गेटवर कॅमेरा नाही असं नवं घर सहसा दिसायचं नाही. पोरं कुवेतला, दुबईला, दोह्याला. घरात सत्तरीतली आई, नाहीतर नुसतं कुलूप. म्हणून मग चार कॅमेरे, एक डीव्हीआर आणि मुलाच्या मोबाइलवर एक ॲप. ड्युटी संपवून खोलीवर आलेला मुलगा तिकडून बघतो, अम्मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकतेय. यात हसण्यासारखं काही नाही. परदेशात राहिलेल्यालाच त्या चार चौकटींची किंमत कळते.

तेव्हा माझी तक्रार कॅमेऱ्याबद्दल नाही. त्याच्यासोबत घरात जो कागद येतो, त्याबद्दल आहे. त्याला सगळे एएमसी म्हणतात, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार.

माझ्या चाचीकडचा करार माझ्यासमोर आहे. वर्षाला साडेचार हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ५३१० रुपये. पैसे आखातातून मुलगा पाठवतो, सही चाची करते. तिला मराठी आणि उर्दू उत्तम वाचता येतं. करार इंग्रजीत आहे. वर मोठ्या अक्षरांत 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे सुट्या भागांसकट सगळं आलं. मग मागच्या पानावर बारीक टायपात, काय आलं नाही त्याची यादी. हार्ड डिस्क नाही, ॲडॉप्टर नाही, पॉवर सप्लाय नाही, केबल नाही. वीज पडून, व्होल्टेज वरखाली होऊन, पाणी शिरून, गंज चढून किंवा उंदराने कुरतडून झालेलं नुकसान नाही.

आता समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कॅमेरा दुसऱ्या कशाने बिघडतो ते मला सांगा. खाऱ्या हवेने बीएनसी कनेक्टर हिरवे पडतात. जूनमध्ये वीज दिवसातून दहा वेळा जाते-येते आणि पॉवर सप्लाय उडतो. रात्री इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो आणि पडद्यावर नुसता पांढरा धूर दिसतो. हे सगळं दुकानदाराला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणूनच ती यादी इतकी नेमकी आहे. यादी वजा केली की उरतं काय? तीन महिन्यांनी एक मुलगा येणार, फडक्याने भिंगं पुसणार आणि वहीत चाचीची सही घेणार.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी लिहायला बसलो नसतो. पाच हजार रुपये गेले म्हणून कुणी मरत नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचीच्या अंगणातून वाळत घातलेल्या सुपारीची दोन पोती गेली. श्रीवर्धनच्या सुपारीला भाव आहे हे ऐकून माहीत असेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. नवं झाड धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा उरलेल्या झाडांची सुपारी लोक मोजून राखतात. संशय गेला तो वाडीत कामाला येणाऱ्या कातकरी पोरावर. का? तर तो कातकरी आहे. पहिला संशय कुणावर जातो आणि का जातो, हे निदान आपल्याला तरी कुणी समजावून सांगायला नको.

चाची म्हणाली, भांडू नका, कॅमेऱ्यात बघा. पोरगाही म्हणाला, बघा. अंगणावर दोन कॅमेरे रोखलेले, मोबाइलवर चित्र लख्ख. डीव्हीआर उघडला तर त्या रात्रीचं काही नाही. आदल्या रात्रीचं नाही, आदल्या महिन्याचंही नाही. हार्ड डिस्क केव्हाच मेली होती. कॅमेरा दाखवत होता, नोंदवत काहीच नव्हता.

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. समोर दिसणारं थेट चित्र वेगळं आणि साठवलेलं चित्र वेगळं. हार्ड डिस्क गेली तरी थेट चित्र चालूच राहतं, त्यामुळे दोह्यातल्या मुलाला सगळं ठीक वाटतं. डिस्क चांगली असली तरी तिची मर्यादा असते. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे साधारण दोन-दोन एमबीपीएसने नोंदवत असतील तर दिवसाला ऐंशी-नव्वद जीबी लागतात. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. विकताना मात्र 'महिनाभराचं रेकॉर्डिंग' असं सांगितलेलं असतं.

डिस्क बिघडली की डीव्हीआरने ओरडावं अशी सोय त्यात असते. आत एक बझर असतो. तो वाजलाही होता. चाचीने फोन केला होता की डबा रात्रंदिवस टीटी करतोय, झोप लागत नाही. मुलगा आला, सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद केला आणि वहीत 'प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड' लिहून सही घेऊन गेला. ती वही मी पाहिली. डिस्क करारात बसत नाही, तेव्हा ती तपासणं हेही त्याचं काम नाही, असं नंतर दुकानातून ऐकायला मिळालं.

सुपारी कुणी नेली ते कळलं नाही. पोरगा कामावर यायचा बंद झाला. त्याची माणसं दरवर्षी जातात तशी वीटभट्टीवर गेली, तोही गेला. चाचीने दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. त्या एका रात्रीची नोंद त्याच्या बाजूची एकुलती एक साक्ष होती.

साक्षीवरून आठवलं. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याविषयी नाही, उधारीचा व्यवहार कसा लिहून ठेवावा याविषयी आहे. सूरह बकराची २८२ वी. तिच्यात मजकूर सांगायचा अधिकार ज्याच्यावर देणं आहे त्याला दिलाय, आणि तो दुबळा असेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने न्यायाने सांगावं असं म्हटलंय. म्हणजे कागद बलवान बाजूने एकटीने लिहू नये. ही आयत आपल्याकडे निकाहाच्या आणि वाटणीच्या वेळी सगळ्यांना आठवते, डीव्हीआर विकत घेताना कुणालाच नाही.

देशाच्या कायद्यातही ही गोष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली. ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याचं नुकसान करणारं कलम रद्द ठरवता येतं. पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. पाच हजारांच्या करारातलं एक कलम खोडून घ्यायला राज्य आयोगापर्यंत जा! कायदा करणाऱ्यांनी इथे चाचीचा विचार केलेला दिसत नाही. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगात होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आणि ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तो करता येतो. १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोन करून बघायला काहीच हरकत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त खुपतो तो पासवर्ड. डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड चाचीकडे नव्हता, मुलाकडेही नव्हता. तो दुकानदाराकडे होता. मुलाच्या मोबाइलवर नुसतं बघायचं खातं. करार नूतन केला नाही तर पासवर्ड मिळेल का, असं विचारलं तर उत्तर आलं, 'सिस्टीम रीसेट करावी लागेल, त्याचा वेगळा चार्ज.' म्हणजे घर आमचं, भिंत आमची, पैसे आमचे आणि किल्ली बाजारात. ज्या अंगणात बायका डोक्यावरचा पदर बाजूला ठेवून मोकळ्या बसतात, ते अंगण तालुक्याच्या दुकानात बसून कुणीही उघडून बघू शकतो. पडद्यावरून तावातावाने बोलणारे आपले मौलाना आणि आपले पुरोगामी, दोघेही या खिडकीबद्दल गप्प आहेत.

कोर्टातही हाच प्रश्न उभा राहतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्या प्रमाणपत्रावर एका तज्ज्ञाची आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याची सही लागते. चाचीचा डीव्हीआर कुणाच्या ताब्यात आहे म्हणायचं?

तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. थेट चित्र बघू नका, दहा दिवसांपूर्वीच्या रात्रीचे दोन वाजताचे चित्र काढून बघा. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का बघा. बझर चालू आहे का विचारा. मुख्य पासवर्ड मागा, बदला आणि घरात लिहून ठेवा. नूतनीकरणाच्या आधी करार मराठीत मागा, आणि त्यात एक ओळ हाताने घालून घ्या, की दर भेटीत मागचं रेकॉर्डिंग उघडून दाखवलं जाईल. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

चाचीने नवी डिस्क स्वतःच्या पैशाने बसवली आणि करार पुढे चालवला नाही. तक्रार आम्ही दाखल केली आहे. समोरच्यांचं लेखी म्हणणं आलंय, की कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग केलंच पाहिजे असं करारात कुठेही लिहिलेलं नाही. मी पुन्हा दोन्ही पानं वाचली. खरोखरच लिहिलेलं नाही.